स्पॅनिश सबजंक्टिव्ह: 'पोदामोस' चालतं मग 'दोर्मामोस' का नाही?

प्रश्न:
स्पॅनिश शिकतेय, सध्या सबजंक्टिव्हशी (इच्छा, शंका वगैरे सांगताना लागणारं क्रियापदाचं रूप) मारामारी चालू आहे. साध्या वर्तमानकाळात ओ चा उए होणारी क्रियापदं नीट जमतात, दोर्मीरचं (झोपणे) दुएर्मो, दुएर्मेस, दुएर्मे आणि नोसोत्रोसला (आम्ही/आपण) दोर्मीमोस, म्हणजे तिथे ओ तसाच राहतो. सबजंक्टिव्हमध्ये पोदेरचंही (शकणे) तसंच आहे, पुएदा, पुएदास, पुएदा, पोदामोस. पण दोर्मीरला आलं की दुएर्मा, दुएर्मास, दुएर्मा आणि मग एकदम दुर्मामोस, दुर्माइस! हा उ मध्येच कुठून टपकला? प्रत्येक क्रियापद वेगळं पाठ करायचं का आता?

उत्तर १:
नाही हो, एकच गोष्ट बघायची, मूळ क्रियापदाचा शेवट. आर आणि एर वाल्यांमध्ये नोसोत्रोस-वोसोत्रोसला (आम्ही-तुम्ही) मूळ स्वर राहतो (पेन्सामोस चं पेन्सेमोस, बास). ईर वाली मात्र त्या दोन जागीही बदलतात, ओ असेल तर उ आणि ए असेल तर इ. म्हणून सेन्तीर चं सिएन्ता, सिएन्तास पण सिन्तामोस, सिन्ताइस. पेदीर तर सगळीकडेच इ घेतं, पिदा, पिदास, पिदामोस, त्यामुळे तेच सगळ्यात सोपं. मी जेरंडवरून (आपल्या 'झोपत', 'मागत' सारखं रूप) ओळखते, दुर्मिएन्दो माहीत असेल तर दुर्मामोस, सिन्तिएन्दो तर सिन्तामोस, पिदिएन्दो तर पिदामोस.

उत्तर २:
जेरंडची ट्रिक भारी आहे पण फक्त ईर वाल्यांपुरतीच ठेवा, कारण पोदेरचं जेरंड पुदिएन्दो होतं तरी सबजंक्टिव्ह पोदामोसच. आणि बेनीर, देसीर यांना ती लावू नका, ती यो (मी) च्या रूपावरून चालतात, बेन्गो म्हणून बेन्गामोस, दिगो म्हणून दिगामोस.
बाकी 'का' विचारलंत म्हणून, जोर ज्या अक्षरावर पडतो तिथे जुना ओ फुटून उए झाला, दुर्मामोसमध्ये जोर 'मा' वर आहे म्हणून तिथे उए नाही. आणि उ आला तो लॅटिनच्या दोर्मिआमुसमधल्या इ मुळे, तिने मागच्या ओ ला वर ओढलं. पोदेरमध्ये तसं झालं नाही.

प्रश्नकर्ती:
ओह हे जोराचं कोणी सांगितलंच नव्हतं! मग खुगार आणि एम्पेसार? त्यांची स्पेलिंगंही बदलतात ना, की तो अजून वेगळा अपवाद?

उत्तर ३:
तो अपवाद नाहीच, फक्त लिखाणाची सोय. खुगार आर वालं आहे म्हणून खुएगे, खुएगेस, खुगेमोस, आणि ग चा उच्चार ख होऊ नये म्हणून ए च्या आधी यू घालायचा, तो वाचायचा नाही. एम्पेसारमध्ये झेड चा सी होतो, एम्पिएसे, एम्पेसेमोस, ऐकायला काहीच फरक नाही. आल्मोर्सार पण तसंच, आल्मुएर्से.
माझं मत विचाराल तर तक्ते घोकण्यात राम नाही, पूर्ण वाक्यात बोला. 'किएरो के दुएर्मास' म्हणजे तू झोपावंस असं मला वाटतं, आपल्या 'झोपावंस' सारखंच काम आहे ते, मग 'एस इम्पोर्तान्ते के दुर्मामोस बिएन', 'नो क्रेओ के पोदामोस इर'. नोसोत्रोसची रूपं 'चला असं करूया' म्हणायलाही लागतात, पिदामोस ला कुएन्ता म्हणजे बिल मागवूया, त्यामुळे ती रोज तोंडात येतील. दुर्माइस मात्र स्पेनमध्येच, लॅटिन अमेरिकेत 'तुम्ही'ला उस्तेदेस दुएर्मान म्हणतात, ओळखता आलं तरी पुरे.
भूतकाळाचं सबजंक्टिव्ह तर अजून सोपं, दुर्मिएरोन मधला रोन काढून रा लावा, दुर्मिएरा, दुर्मिएरास, दुर्मिएरामोस, सगळीकडे उ.

प्रश्नकर्ती:
ट्राय करते. मोरीर: मुएरा, मुएरास, मुएरा, मुरामोस, मुराइस, मुएरान. मेन्तीर: मिएन्ता, मिन्तामोस. कोन्तार: कुएन्ते, कोन्तेमोस. बरोबर?

उत्तर २:
तिन्ही बरोबर. आता प्रेफेरीर आणि रेपेतीर करा, एकात इए आणि इ दोन्ही येतात, दुसऱ्यात फक्त इ.