मदत हवी आहे: ओढ्याला पूर येण्याआधी घर नेमकं कधी सोडायचं?

मंडळी, आमचं बैठं घर ओढ्यालगत आहे आणि सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना उचलून हलवायला वेळ लागतो, म्हणून अंदाज लवकर हवा. रडारचं चित्र मी बघते, पण ते पाऊस कुठे पडतोय एवढंच सांगतं. लोंढा येतो तो वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा, आपल्याकडे ऊन असलं तरी. तुमच्यापैकी कोणी पुलाच्या खांबावर रंगाने खुणा करून पाणी किती वेळात किती चढतं याची नोंद ठेवली आहे का? कोणत्या खुणेला निघायचं हे कसं ठरवलंत?

‘वेळ आलीच तर गाडीत घालून नेऊ’ हा सल्ला मात्र नको. सहा इंच वेगवान पाण्यात धडधाकट माणसाचा पाय सुटतो आणि फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगू लागते. रात्री तर रस्ता खचलाय की नाही हेही दिसत नाही.

दुसरं, इन्व्हर्टर जमिनीलगत आहे. मेन स्विच पाडला तरी बॅटरीतला प्रवाह असतोच. तो किती उंचीवर बसवून घ्यावा? वायरमन मंडळींनी जरूर सांगा.

वादळात पडवीचा पत्राही उचकटला. हूक जागेवरच आहेत, पत्रा भोकापाशी चिरलाय. मोठे वॉशर पुरतील, की पत्राच बदलावा?