स्वस्थ, उदासीन, निरिच्छ: पक्षाघातानंतरच्या शांतपणाला नेमकं काय म्हणायचं?

शब्दच विचारायचाय, पण आधी थोडं घरचं सांगावं लागेल.

गेल्या वर्षी श्रावणात बाबांना पक्षाघात झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी होती, त्यामुळे डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं शाबूत राहिलं. पाय काठीच्या आधाराने बराच सुधारला, हात अजून तसाच आहे. बाबा मूळचे भयंकर तापट. चहा जरा निवला तरी आवाज चढायचा. आता आमटीत मीठ नसलं तरी गपचूप जेवतात. आई म्हणते, "किती स्वस्थ झालेत!" आत्या म्हणते, "निरिच्छ झालाय गं दादा, वैराग्य आलंय त्याला." मलाही सुरुवातीला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाबा रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवायचे. आई अजूनही पेपर कोड्याच्या पानावर दुमडून, वर पेन्सिल ठेवून त्यांच्यापुढे ठेवते. पेपर संध्याकाळी तसाच उचलला जातो. परवा व्यायाम घ्यायला येणाऱ्या मुलीने विचारलं, "काका, काय करावंसं वाटतं?" बाबा म्हणाले, "काहीच वाटत नाही."

"काही नको वाटतं" असं म्हणाले असते तर एक वेळ वैराग्य म्हटलं असतं. "काहीच वाटत नाही" याला मराठीत शब्द कोणता? स्वस्थ, उदासीन, निरिच्छ हे तिन्ही मला आता खोटे वाटायला लागलेत.

प्रतिसाद

ताई, तुम्ही उचललेले शब्द साधे नाहीत. (मी संस्कृत शिकवायचो, त्यामुळे थोडं लांबेल.)

स्वस्थ म्हणजे स्व + स्थ, स्वतःच्या ठायी असलेला. हिंदीत 'स्वस्थ' म्हणजे निरोगी आणि 'अस्वस्थ' म्हणजे आजारी. मराठीत 'स्वस्थ बस' म्हणजे गप्प बस, हलू नकोस, आणि 'अस्वस्थ' म्हणजे जिवाची घालमेल होणारा. सुश्रुतसंहितेत स्वस्थ माणसाची जी व्याख्या आहे तिच्यात दोष, अग्नी, धातू हे सगळं सम असून पुरत नाही. 'प्रसन्नात्मेन्द्रियमनाः' अशी अटही आहे. आत्मा, इंद्रियं आणि मन प्रसन्न हवं. बाबा प्रसन्न आहेत का, एवढं आईंना विचारून बघा.

उदासीन म्हणजे उद् + आसीन, वर किंवा अलग बसलेला, दोन्ही बाजूंपैकी कुणाकडेच न झुकणारा. गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द गीतेच्या चौदाव्या अध्यायात लागोपाठच्या श्लोकांत येतात. 'उदासीनवदासीनो गुणैर्यो न विचाल्यते' हा तेविसावा आणि 'समदुःखसुखः स्वस्थः' हा चोविसावा. दोन्ही गुणातीताची, म्हणजे सत्त्व-रज-तमाच्या पलीकडे गेलेल्याची, लक्षणं. आता याच अध्यायात दहा श्लोक मागे जा. 'अप्रकाशोऽप्रवृत्तिश्च प्रमादो मोह एव च'. तमोगुण वाढला की काय होतं, त्याची ही यादी. तुम्हाला हवा असलेला शब्द इथे आहे: अप्रवृत्ती. कशातच मन न जाणं, काही सुरूच न करणं.

गुणातीत आणि तमोग्रस्त बाहेरून सारखेच दिसतात. दोघेही हलत नाहीत, दोघेही तक्रार करत नाहीत. घरच्यांची गल्लत होते ती इथे.

प्रतिसाद

अप्रवृत्ती पटलं, पण सर, घरात जाऊन "बाबांचा तमोगुण वाढलाय" म्हणू नका कुणी. मराठीत 'तामसी' ही शिवी आहे. मी पक्षाघाताच्या रुग्णांबरोबर काम करते. पेशंटला आधीच आपण घरच्यांवर भार झालो असं वाटत असतं, त्यात हे नको.

आमच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडी दोन शब्द फार असतात, 'शांत' आणि 'हळवे'. दोन्ही फसवतात. पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. त्याशिवाय नुसती इच्छाच आटण्याचा वेगळा प्रकार असतो. त्यात माणूस दुःखी असतोच असं नाही, पण हुरूप नसतो. आणि 'हळवे झालेत, सारखे रडतात' म्हणतात तेव्हा कधी कधी रडू येतं पण आत दुःख नसतंच. मेंदूचा रडण्या-हसण्यावरचा ताबा सुटलेला असतो. एक आजोबा मालिकेतल्या जाहिरातीला हुंदके द्यायचे आणि वर स्वतःच म्हणायचे, "मला काही झालेलं नाही, तुम्ही चालू द्या." हे तिन्ही प्रकार वेगळे आहेत आणि उपचार ठरवायला यातला नेमका कोणता ते कळावं लागतं, म्हणून डॉक्टरांना "शांत असतात" एवढंच सांगू नका. कोडं सोडवत नाहीत, हे सांगा.

शब्द म्हणाल तर आमच्या मावशी (वॉर्डात काम करणाऱ्या) "उभारी नाही" म्हणतात. मला तोच सगळ्यांत नेमका वाटतो.

प्रतिसाद

थोडं अवांतर. आमच्याकडे कोल्हापुरात पक्षाघात कुणी म्हणत नाही, "अंगावरनं वारं गेलं" म्हणतात. अर्धांगवायूतला वायूही तोच, आयुर्वेदातला वात. लकवा मात्र अरबीतून आला. युनानी वैद्यकात लकवा म्हणजे फक्त चेहरा वाकडा होणं, अर्ध्या अंगाला तिथे फालिज म्हणतात. आपण लकवा सगळ्या अंगाला लावला. क्रियापदं बघा: लकवा मारतो, झटका येतो, वारं नुसतं जातं. वारं गेलं म्हटलं की कुणाला दोष द्यायची सोयच राहत नाही, हे मला आवडतं. आमची आजी दीड वर्ष अंथरुणात होती, तिला एकानंही 'तुझं प्रारब्ध' म्हटलं नाही. वारं गेलं, बस.

प्रतिसाद

उदास या शब्दाचं काय झालं हेही बघायला हवं. आज उदास म्हणजे खिन्न. पण तुकोबांचं 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी' घ्या. इथे उदास म्हणजे आसक्ती नसलेला. रामदासांच्या मनाच्या श्लोकातही 'उदासीनता तत्वता सार आहे' म्हणताना पुढच्याच चरणात 'मोकळी वृत्ति' आहे. मोकळी! तुकोबांचा उदास माणूस धन जोडतोय, खर्च करतोय, व्यवहारात पुरता बुडालेला आहे. तो खुर्चीत बसून नाहीये.

आणि आजाऱ्याच्या उशाशी 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' म्हणणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. हे वचन ज्याचं त्यानं स्वतःला सांगायचं असतं. भेटायला आलेल्याने, बिस्किटाचा पुडा टेबलावर ठेवून, दुसऱ्याला सांगायचं नसतं.

प्रतिसाद (संस्कृतवाले)

'तामसी'बद्दलचा आक्षेप मान्य. गीतेत तम हा प्रकृतीचा गुण आहे, माणसाच्या चारित्र्यावरचा शेरा नव्हे. पण मराठी कान तसं ऐकत नाहीत, हे खरं.

प्रारब्धाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. संचित, प्रारब्ध, क्रियमाण अशी तिघांची जोडगोळी (तिघांची जोडगोळी, काय म्हणतोय मी!) आहे. प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण, तो परत येत नाही. आपण मराठीत पहिले दोन शब्द रोज वापरतो, क्रियमाण, म्हणजे आत्ता हातून घडत असलेलं कर्म, मात्र कीर्तनापुरता उरला. बाबांची बोटं रोज वीस वेळा उघड-मीट करून घेणारी ती मुलगी क्रियमाणात बसते. गोळ्याही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, मध्ये बरंच झालं.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. या वेळी "शांत असतात" म्हटलं नाही, कोड्याचं सांगितलं, जेवणाचं सांगितलं. त्यांनी बाबांशी एकट्याने वीस मिनिटं बोलून गोळी सुरू केली आणि फरक पडायला काही आठवडे लागतील म्हणाले. आत्याला वैराग्याचा मुद्दा सोडवत नाहीये. तिला तुकोबांची ओळ वाचून दाखवली, तर म्हणाली, "मग दादा खर्च कुठे करतोय?" म्हणजे तिला समजलं, बहुतेक.

काल वाटलं, इथे सगळ्यांना विचारतेय, ज्यांचं आहे त्यांना विचारलंच नाही. शब्दांचं वेड त्यांचंच. पेपर बाजूला सारून त्यांच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं, "बाबा, हे जे होतंय त्याला शब्द काय?" बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जड."

मी म्हटलं, मन जड होणं म्हणजे वाईट वाटणं ना? की जड-चेतनातलं जड, निर्जीव?

म्हणाले, "माझा डावा हात उचलून बघ."

दोन्ही हातांनी उचलला. व्यायामाच्या वेळी रोज उचलते, पण काल पहिल्यांदा तो किती भरतो ते कळलं.