७६८ मिळवले की तेलुगू!

बी ३०४ : सकाळी ग्रुपवर तेलुगू अक्षरांत मेसेज कुणी टाकला? मध्येच एक रिकामा चौकोन पण दिसतोय. कुणाचा फोन हॅक झालाय का?

ए २०१ : नाही ओ काका, आमच्या चिरंजीवांचा आहे. मुलांच्या ग्रुपवर टाकायचा तो इथं पडला. माफ करा.

सी १०२ : आमच्या सासूबाईंनी वाचला पण! माहेर सोलापूरच्या पूर्व भागातलं, घरात तेलुगूच. म्हणाल्या, अक्षरं आमची पण भाषा मराठी. "पाच वाजता पार्किंगला या, ब चौकोन ट आणा."

बी ३०४ : बॅट असणार. पण चौकोन का?

ए २०१ : सांगते. युनिकोड म्हणजे फोन-कॉम्प्युटरची अक्षरांची यादी, तिच्यात प्रत्येक अक्षराला नंबर असतो. आपला क २३२५, तेलुगू क ३०९३. फरक ७६८. ख, ग, काना, वेलांटी, सगळीकडे तेवढाच फरक. कारण १९८८ च्या इस्की या भारतीय मानकावरून आपल्या लिप्या एकाच क्रमानं मांडल्यात. ८९६ मिळवा, कन्नड तयार. पण बॅटवरचा अर्धचंद्र तेलुगूत नाहीच, ती जागा रिकामी, म्हणून चौकोन. हे सगळं पोरानं वहीत रकाने आखून स्वतः शोधलंय. मला फार कौतुक वाटलं.

बी ३०४ : वाटायलाच पाहिजे. आम्ही नुसती च ची भाषा बोलायचो, चमी चतू करत. त्याला रविवारी वही घेऊन पाठवा माझ्याकडे.

डी ००१ : मुलांनी जरूर खेळावं. एक विनंती मात्र मोठ्यांना. मला दिसत नाही, फोन वाचून दाखवतो. मागच्या आठवड्यात पाण्याची वेळ कुणीतरी नक्षीदार इंग्रजी अक्षरांत टाकली होती. ती खरं तर गणिताची चिन्हं असतात. फोन प्रत्येक अक्षराआधी "मॅथमॅटिकल बोल्ड" म्हणत बसला, वेळ कळलीच नाही. टाकी भरायची राहिली.

ए १०३ : दादा, ती मी टाकली होती. छान दिसते म्हणून. चुकलं माझं. आजपासून सूचना साध्या अक्षरांत, आणि तुम्हाला फोनही करेन.

सी १०२ : सासूबाई विचारतायत, कन्नडमध्ये तरी बॅट लिहिता येते का?

ए २०१ : नाही, तिथंही चौकोनच. गुजरातीत येते, ३८४ मिळवून. पोरगं आत्ता तेच करत बसलंय. गुजराती कुणाला वाचता येत असेल तर त्याला कळू देऊ नका.