विषय: रेडटेल शार्क सगळ्यांच्या मागे लागतोय, काय करू?

नमस्कार मंडळी,
इथे माशांमधलं कुणाला कळतं का? आमच्याकडे तीन फुटी टँक आहे, पाणी साधारण दीडशे लिटर, त्यात एक रेडटेल ब्लॅक शार्क आहे, काळा कुळकुळीत आणि शेपूट लालभडक. आणला तेव्हा बोटाएवढा होता आणि इतका गरीब की दिवसभर लाकडाखाली दडून बसायचा, आता चांगला मोठा झालाय आणि सगळा टँक त्याच्या बापाचा असल्यासारखा वागतो. कोरीडोरास (तळाशी राहणारे छोटे मासे) बिचारे तळाला टेकायच्या आत हुसकले जातात, एका गुरामीची शेपटी फाटलीये. भूक भागत नाही म्हणून असं करतो का? मुलगी म्हणते त्याला एकटं वाटतंय, अजून एक शार्क आणू. आणू का?

---

री: रेडटेल शार्क

वहिनी, मुलीचं बरोबर आहे. कुठल्याही जिवाला सोबत लागतेच. एक जोडीदार आणा आणि खाणं थोडं वाढवा, पोट भरलं की कोण कशाला भांडेल?

---

री: री: रेडटेल शार्क

काका, तुमचा मान राखून सांगतो, दुसरा शार्क अजिबात नको! ताई, प्लीज आणू नका.

नावात शार्क असलं तरी हा शार्क नाही, रोहूच्या घराण्यातला आहे, पूर्वी तर त्याला रोहूच्याच लेबिओ या प्रजातीत धरायचे. तोंड खालच्या बाजूला, मिशा असलेलं, दगड-लाकडावरचं शेवाळ खरवडून खाण्यासाठी. म्हणजे तो कोरीडोरासना (कोरींना) खायला धावत नाही, आपल्या जागेसाठी धावतो. शेवाळ लागलेला दगड हीच त्याची इस्टेट आणि तिथे जो कोणी तळाशी चरायला येईल तो त्याच्या लेखी चोर. त्यात चोर दिसायला त्याच्यासारखाच असेल तर मग विचारूच नका. दुसरा रेडटेल किंवा रेनबो शार्क टाकलात तर दोघांतला कमजोर कोपऱ्यात अडकतो, खाणं सोडतो आणि काही दिवसांत जातो. आणि "जोडी" म्हणाल तर नर-मादी नुसतं बघून खात्रीने ओळखताच येत नाहीत, दुकानात येणारे मासे फार्ममध्ये हार्मोनची इंजेक्शनं देऊन पैदा केलेले असतात. मूळचा थायलंडचा हा मासा तिथल्या नद्यांमध्ये आता जवळजवळ उरलेलाच नाही, आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, आणि घराघरांतल्या टँकमध्ये मात्र रग्गड, गंमतच आहे.

लहानपणी गरीब आणि मोठेपणी दादा, हे या जातीत सगळीकडेच दिसतं. पूर्ण वाढला की १२ सेंटीमीटर, कधी १५ पर्यंत जातो, त्याला चार फुटी टँक आणि २०० लिटरच्या वर पाणी असेल तर बरं. तुमचा तीन फुटी आहे, चालवून घेता येईल पण मग मांडणी बदलायला लागेल.

मी काय करतो सांगतो. शार्कला जाळीच्या डब्यात नाहीतर वेगळ्या टबात काढायचं, आतली सगळी लाकडं-दगड-झाडं उचलून नव्या जागी लावायची, आणि लावताना एवढंच बघायचं की टँकच्या एका टोकाला बसलेल्या माशाला दुसरं टोक दिसता कामा नये. मध्ये उंच दगड, दाट झाडं, काहीही चालेल. नजरेला पडलं नाही तर तो पाठलाग करत नाही, हे फार महत्त्वाचं आहे आणि लोक नेमकं हेच विसरतात, सगळी सजावट मागच्या काचेला चिकटवून ठेवतात आणि पुढे मोकळं मैदान! त्याची गुहा एका टोकाला, कोरींची मोकळी वाळू दुसऱ्या टोकाला. बाकीचे चार-पाच दिवस रुळले की मग दिवा बंद करून त्याला सोडायचं, म्हणजे या वेळी नवखा तो असतो.

खाणं वाढवू नका. भांडण थांबणार नाही, उरलेलं कुजून अमोनिया तेवढा वाढेल. आहे तेच दोन टोकांना टाका आणि दिवा गेल्यावर त्याच्या गुहेपाशी शेवाळाची वडी नाहीतर काकडीची चकती.

---

री: री: री: रेडटेल शार्क

मग ते आफ्रिकन सिक्लिडवाले टँक गच्च भरतात आणि वर म्हणतात गर्दीने भांडणं कमी होतात, ते कसं काय?

---

री: री: री: री: रेडटेल शार्क

काका, मुद्दा बरोबर काढलात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले म्बुना हे सिक्लिड मासे, त्यांचं ते खरंय, मूळ सरोवरातच ते खडकांवर दाटीवाटीने राहतात, त्यामुळे टँकमध्ये गर्दी केली की कुणालाच धड हद्द आखता येत नाही आणि मार एकाच्या वाट्याला न येता वाटला जातो. पण त्यासाठी फिल्टर दांडगा लागतो आणि पाणी सारखं बदलावं लागतं. रेडटेल मुळात एकलकोंडा, त्याला दोनाची गर्दी केली तर वाटायला कोण आहे?

---

री: री: री: री: री: रेडटेल शार्क

खूप आभार दादा! रविवारी करते. अजून दोन गोष्टी, संध्याकाळी तो बाजूच्या काचेवर धडकत असतो, ते कशाने? आणि वरच्या थरात टायगर बार्ब टाकू का, कुणीतरी सुचवलंय.

---

री: री: री: री: री: री: रेडटेल शार्क

ताई, बाहेर अंधार आणि टँकमध्ये दिवा असला की काच आतून आरसा होते, त्याला तिथे दुसरा रेडटेल दिसतो. त्या बाजूला बाहेरून काळा कागद लावा आणि खोलीतला एखादा दिवा चालू ठेवा. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे, नोबेल मिळालेले टिनबर्गेन, त्यांच्या लॅबमधले नर स्टिकलबॅक मासे खिडकीबाहेरून लाल टपालगाडी गेली तरी तिच्यावर चाल करून जायचे, कारण त्या जातीत विणीच्या काळात नराचं पोट लाल होतं. तेव्हा आपल्या साहेबांना काचेतला भाऊ खरा वाटला तर नवल नाही.

टायगर बार्ब एरवी रेडटेलबरोबर उत्तम, चपळ असतात, पण गुरामीच्या लांब मिशा ओढतात, त्यामुळे गुरामी ठेवायचे असतील तर नको. फाटक्या शेपटीचा गुरामी सध्या वेगळा ठेवा, स्वच्छ पाण्यात शेपटी भरून येते.

रविवारी तळ ढवळला जाईल तेव्हा पाव हिस्सा पाणी बदला पण त्याच दिवशी फिल्टरचा स्पंज धुऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया-नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य आल्याशिवाय शार्कला परत सोडू नका. टबालाही झाकण लागेल, हा मासा उडी मारतो. टँकच्या झाकणात फिल्टरच्या पाइपाशी फट असते ना, तीही बुजवा.