काठ खोदायचा तर कधी?
प्राध्यापकांनी वर्तमानपत्रांत मते मांडण्यापेक्षा आपले संशोधन पाहावे, असे काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. मात्र त्यांची भाषा सामान्यांना कळत नाही, ही तक्रार रास्त आहे; साध्या शब्दांत सांगितले तर मात्र ते लोकांच्या कामी येते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचा पूर ओसरल्यावर बडोद्यातील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये हातभर लांबीचे मगरीचे पिल्लू सापडले, तेव्हा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या शेजारच्या बाईंनी जिन्यातच उभे राहून सांगितले की, मगर उन्हाळ्याच्या तोंडाशी नदीकाठच्या मातीत अंडी घालते, पिल्ले पावसाच्या सुमारास बाहेर पडतात, आणि म्हणून काठ खोदायचा तर निदान या महिन्यांत नव्हे. पुढे नदीतला गाळ काढण्याची चर्चा निघाली, तेव्हा हाच मुद्दा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी (एरवी ते फक्त पाण्याच्या टाकीवर बोलतात) सभेत उचलून धरला.