चिंतामणी, आनंदी, आमसुली… तुमच्या घरातले रंग सांगा

पंचवटीकरीण
भाचीचं लग्न आहे, म्हणून परवा येवल्याला पैठणी घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने गादीवर एक साडी उलगडली आणि माझी लेक ओरडली, "मम्मी, टील!" शेजारी माझी आई. वय ७८. म्हणाली, "टील काय गं? चिंतामणी आहे तो." मग पदर हातात घेऊन तिरका धरला. "उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. म्हणून हलवला की बदलतो बघ."

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन महिने झालेत. आधी तिला सगळं चहाच्या रंगाचं दिसायचं, हे तिने आम्हाला कधी सांगितलंच नाही. पट्टी निघाल्यावर दुसऱ्या दिवशी गच्चीत कुंडीपाशी उभी होती, "अबोली अबोलीच आहे की गं," म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले.

आम्ही लहान असताना ती भाजी निवडता निवडता रंग विचारायची. आमसुली कुठला, शेवाळी कुठला, विटकरी आणि डाळिंबीत फरक काय. साड्या मोजून चार, पण चारही रंगाच्या नावाने ओळखल्या जायच्या. "आनंदी वाळत घाल", "श्रीखंडी घडी कर". आता लेकीला ही नावं येत नाहीत याचं मला फार वाईट वाटतंय.

लिहा तुमच्याकडचं. मोठं काही नको, रोजचंच.

गोदाकाठ
रहाड!! म्हणजे आमच्या नाशिकचा रंगपंचमीचा रंगाचा हौद. वडील तिवंध्याच्या रहाडीत न्यायचे. पिवळा रंग. शनी चौकातली गुलाबी, तिथे मामा. रंगपंचमीच्या संध्याकाळी जेवायला बसलो की कोण कुठल्या रहाडीत धप्पा मारून आलाय ते ताटावरच्या हातांवरून कळायचं. आजी सगळ्यांना एका ओळीत बसवून खोबरेल तेल चोळायची. रंग काही जायचा नाही, पण तिचा हात डोक्यावरून फिरायचा तेवढ्यासाठी आम्ही बसायचो. वर्षभर त्या जागेवरून गाड्या जातात, खाली दगडी हौद आहे हे बाहेरच्याला सांगून पटत नाही.

निफाडची सून
आमच्याकडे निळा. सासरे द्राक्षाच्या बागेत बोर्डो मारायचे, मोरचूद आणि चुना. केवडा रोगाने बाग जाऊ नये म्हणून. शर्ट निळे, नखं निळी, बैलाच्या शिंगावरसुद्धा निळे ठिपके. मिश्रण झालं की त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचे. विळ्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी पडलाय, अजून घाला. मी नवी सून, मला हा विळा बघायला बोलवायचे. "ये गं, बघ, चढला का तांबडा?" माझ्याशी ते बोलायचे तेवढंच. पण रोज बोलवायचे.
मण्यात पाणी उतरलं की घड उन्हात धरून दाखवायचे, आतली बी दिसते. सासऱ्यांना जाऊन सहा वर्षं झाली. एक शर्ट ठेवलाय मी.

सिडकोवाली
@निफाडची सून ताई 🙏 डोळ्यात पाणी आणलंत

सिडकोवाली
@पंचवटीकरीण काकूंचे दोन्ही डोळे झाले का? माझ्या सासूबाईंचा एकच झालाय, दुसऱ्याला घाबरतात. रोज एकेक डोळा झाकून भिंत बघतात, इकडून पांढरी, तिकडून पिवळट. नातवंडांना बोलवून दाखवतात.

पंचवटीकरीण
आईचंही अगदी हेच!! दुसरा पुढच्या महिन्यात. सांगा सासूबाईंना, आई घाबरली होती पण अर्ध्या तासात बाहेर आली. थेंब मात्र घड्याळ लावून घाला, आणि डोकं धुताना डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका.

सिडकोवाली
सांगते. फोनवर बोलतील का काकू त्यांच्याशी?

पंचवटीकरीण
बोलेल की. आईला तेवढंच हवंय 😊 नंबर निरोपात पाठवते.

उन्हाळकांदा
कांदाचाळीत साठवलेल्या कांद्याचा रंग. वडील पहाटे बॅटरी घेऊन जातात. डबल पत्ती, म्हणजे वरची दुहेरी साल, टिकली असेल तर तांबूस चमक मारतो. त्या दिवशी चहा घेताना गुणगुणतात. भाव काही का असेना. बाकी नंतर लिहितो, लाईट गेलीय.

जेलरोड
वडील नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, पोस्टाच्या तिकिटांच्या बाजूला. १९२५ पासूनचा कारखाना तो. तिथली एकही गोष्ट घरी बोलायचे नाहीत, पण रंगाची सवय घरी यायची. आईने हळद जास्त घातली तर "आज शाई गडद आहे." २०१८ साली १०० ची नवी नोट आली तेव्हा रिटायर होऊन खूप वर्षं झाली होती. खिडकीत उभे राहून बराच वेळ बघितली. मग आईला हाक मारली, "कृष्णकमळ आहे बघ." आईने ती नोट देव्हाऱ्यात ठेवली, अजून तिथेच आहे.

गंगेवर
पावसाळ्यात आजोबांबरोबर गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पूर बघायला जायचं. पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं का एवढंच बघायचं. पाणी दुधाच्या चहासारखं, आणि आजोबांची छत्री काळीभोर. येताना गरम भजी. बाकी काही आठवत नाही पण तो चहाचा रंग पक्का.

सिडकोवाली
कुरडया कोणी घातल्या का यंदा? माझ्या लाल पडल्या. गहू तीन दिवस भिजवला होता, रोज पाणी बदललं.

गोदाकाठ
चीक शिजायला कमी पडला असेल ताई. आई म्हणते चकाकी आली की मगच उतरवायचा. आणि ऊन कडक हवं, ढगाळ होतं ना त्या आठवड्यात.

सिडकोवाली
हो ढगाळच होतं. मुलांना लालच आवडल्या पण. तळल्यावर गुलाबी झाल्या, पटापट संपल्या.

पंचवटीकरीण
आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कुरडयासुद्धा. निफाडच्या ताई, ती विचारतेय, तो शर्ट निळा म्हणजे कुठला निळा? मोरपंखी की आनंदी?

निफाडची सून
काकूंना सांगा, थांबा. पेटीतून काढते. उद्या सकाळी अंगणात उन्हात धरून फोटो टाकते, रात्रीच्या लाईटमध्ये नीट नाही दिसणार.