बाजारात बसून कधी काही विकलंय? तिथे भेटलेल्या अनोळखी माणसांबद्दल लिहा

अबोली
परवा माळा आवरताना आईची तागडी सापडली. एक पारडं चेपलेलं, साखळीला गंज. दुपारभर तीच मांडीवर घेऊन बसले.

बारामतीचा गुरुवारचा बाजार. मी आठवीत, शाळा बुडवून आईबरोबर मेथी-कोथिंबीर विकायला. एक आजोबा आले, इस्त्रीचा पायजमा, आणि एकेक जुडी उचलून बघायला लागले. वास घेतात, ठेवतात, परत तीच उचलतात. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी फटकन म्हणाले, "घ्यायची तर घ्या, नाहीतर सरका." ते जुडी ठेवून म्हणाले, "भाजी आमची मंडळी आणायची गं. तिला जाऊन महिना झाला. जुडी कशी बघतात, मला माहीत नाही."

आईने पोत्यावर जागा करून त्यांना बसवलं आणि मेथी कशी ओळखायची ते शिकवलं. मग पैसे घेतले, पूर्ण. मला ते लागलं. घरी जाताना विचारलं तर म्हणाली, "त्यांना भाजी घ्यायला शिकायचं होतं. फुकट दिली असती तर पुढच्या गुरुवारी आले नसते." आले ते. दर गुरुवारी.

तुमच्याकडे असं काही असेल तर लिहा ना.

कोपऱ्यावरची
डोळ्यात पाणी आलं गं. माझंही आहे एक. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

खिल्लारी
सांगोल्याचा रविवारचा बाजार. बैल विकायला मी आणि वडील. हेडी लोक, म्हणजे जनावरांचे दलाल, टॉवेलाखाली बोटं दाबून भाव करतात, तोंडाने आकडा नाही. तीन जणांनी बोटं दाबली, वडिलांनी हात सोडवून घेतला. चौथा स्वतः शेतकरी होता, मंगळवेढ्याकडचा. त्याने भावाआधी विचारलं, "कुठल्या अंगाला चालतो? आणि हाक काय मारता?" वडील म्हणाले, डाव्या अंगाला, सोन्या म्हणतो. मग बोटं दाबली. आधीच्या हेड्यापेक्षा हजाराने कमी होती, तरी वडिलांनी त्यालाच दिला.

आमच्यात विकलेल्या जनावराबरोबर दावं देत नाहीत. तो माणूस नवा कासरा घेऊनच आला होता. टेम्पोत चढवताना बैल अडला, तेव्हा त्याने "सोन्या, चल बाबा" म्हटलं. वडील तिकडे तोंड करून उभे राहिले. मी तेव्हा भांडलो होतो हजार रुपयांसाठी. आज माझा मुलगा तेवढा आहे, आणि वडिलांचं बरोबर होतं असं त्याला सांगतो.

रानवाट
@खिल्लारी दावं आमच्याकडेही देत नाहीत. गोठ्यातल्या खुंटीला ते तसंच असतं.

मी कर्जतकडची. मिरगाच्या आधी आजीबरोबर शेवळं, ही रानभाजी, विकायला बसायचे. गाडीतून उतरलेल्या एक बाई म्हणाल्या, हे काय, खायचं असतं? आजीने सोलून दाखवलं, काय टाकायचं, काय ठेवायचं, काकडं, ती आंबट रानफळं, का घालायची. अर्धा तास गेला आणि त्यांनी एकच वाटा घेतला. मला राग आला. पुढच्या आठवड्यात त्या चार बायकांना घेऊन आल्या आणि आजीला म्हणाल्या, आता या सगळ्यांना सांगा.

सोलकढी
ताई, काकडं नाही मिळाली तर? आम्ही गेल्या वर्षी अशीच केली, घसा इतका खाजला की रात्रभर झोप नाही.

रानवाट
@सोलकढी अगं बाई. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ भरपूर घाल, आणि चिरताना हाताला तेल लाव.

सोलकढी
थँक्यू ताई. आता विषयावर. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, मे महिना, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी घरात साठवण करण्याची, गर्दी. मी मावशीबरोबर आमसुलं विकत होते. एक म्हातारे तारवटी यायचे, उभा जन्म बोटीवर गेलेला. मिरची, चिंच, सुकी मासळी, सगळं घरभर माणसं असल्यासारखं घ्यायचे. मावशीने विचारलं, घरात किती जण? म्हणाले, मी एकलोच. मग इतकं? "पावस येतलो, घर भरूंक जाय." त्यांचे आईवडील भरायचे म्हणून ते भरायचे. मावशी तेव्हापासून त्यांच्यासाठी चांगली आमसुलं बाजूला काढून ठेवायची.

टेम्पोवाला
ऑफिसात आहे, पटकन लिहितो. दसऱ्याला आम्ही तीन मित्र गावाकडून झेंडू घेऊन पुण्यात. सकाळी 80 रुपये किलो, दुपारी 20 ला कुणी विचारेना. अख्खा ढीग पडून. रस्त्यावर टाकून जायचं ठरलं होतं. समोरच्या बिल्डिंगमधून एक काकू खाली आल्या, हातात सुया आणि दोऱ्याचं रीळ. "सुटी फुलं आता कोण घेणार? तोरणं करा." स्वतः फुटपाथवर बसल्या आणि आम्हाला ओवायला शिकवलं. रात्री नऊपर्यंत तोरणं विकली. डिझेल निघालं, वर थोडे उरले. काकूंना एक तोरण द्यायला गेलो तर म्हणाल्या, माझ्या दाराला सकाळीच लावलंय.
बॉस आले.

खिल्लारी
@टेम्पोवाला यंदाही भाव पडला की काय? आमच्याकडे पावसाने निम्मा झेंडू गेला.

कोपऱ्यावरची
आले. 2016 चा नोव्हेंबर, नोटबंदी. माझी भाजीची गाडी तेव्हा नवी. सगळ्यांकडे जुन्या पाचशेच्या नोटा, नाहीतर नवी दोन हजाराची, सुटे कुणाकडेच नाहीत. भाजी सुकायला लागली. मी वही काढली आणि म्हटलं, घेऊन जा, नावं लिहा. निम्म्या लोकांना मी ओळखतही नव्हते. एक मुलगा, होस्टेलवर राहणारा असावा, त्याने 35 रुपयांसमोर नावाबरोबर कॉलेज आणि खोलीचा नंबर लिहिला. मी विचारलंही नव्हतं. दोघं सोडून सगळ्यांनी पैसे आणून दिले. तो मुलगा मार्चमध्ये आला, परीक्षा संपवून, गावी निघालेला, बॅग पाठीवर. बस सुटायच्या आधी देऊन जातो म्हणाला.
ती वही अजून आहे. त्या दोघांची नावं मी खोडलेली नाहीत, येतील कधी.

सोलकढी
@अबोली तागडी भंगारात देऊ नकोस हं. आणि आईने मेथीचं काय सांगितलं होतं, ते राहिलंच की!

अबोली
नाही देणार, चिंच लावून पारडी घासलीत.

मेथी: पान लहान आणि गोल बघायचं. देठ नखाने मोडून बघायचा, कट्कन मोडला तर कोवळी. मुळाला ओली माती असेल तर सकाळी उपटलेली. आणि जुडीचा बंद सैल करून आत हात घालायचा, आत गरम लागली तर रात्रीची बांधलेली आहे, घ्यायची नाही. त्या आजोबांनी पुढच्या गुरुवारी आमच्याच पाटीतली एक जुडी आत हात घालून परत ठेवली होती. आई इतकी हसली!